आधी था छलोमला जा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. एकदा चहा पिता पिता, एकदा पेन्सिल हातात घेऊन. ‘थायलंडमधील कायदासुधारणा आणि स्थानिक प्रशासन’ हे शीर्षक ठीक आहे, तुझ्या मार्गदर्शकांना आवडेल. पण १४ पानांत ‘सुधारणा’ हा शब्द ४१ वेळा आलाय (मोजला, सवय जात नाही) आणि ‘रद्द’ हा शब्द एकदाही नाही. माझी पेन्सिल तिथेच अडली.

तुला माहीत आहे, मी काही कायद्याची पंडित नाही. बँकॉकमध्ये नऊ वर्षं भाषांतराचं काम केलं, एवढीच माझी पुंजी. पण भाषांतर करणाऱ्या माणसाला एक गोष्ट फुकटात कळते: कागद कुठून निघतो, कुठे पोचतो आणि मधे कुणाच्या टेबलावर पडून राहतो. त्या नऊ वर्षांत माझं मत असं झालं की त्या देशात नवे कायदे भरपूर आले, पण जुने हलले नाहीत. आपण घरात नवं कपाट आणलं की जुनं भंगारवाल्याला देतो. तिथे जुनं जागेवरच ठेवून नवं त्याच्यापुढे उभं करतात. मग नव्याचं दार पुरतं उघडत नाही आणि सगळे सुताराला नावं ठेवतात. नवा कायदा कुठला आला हे सगळेच लिहितात. कुठला जुना कायदा उठायला तयार नाही, हे तू शोध.

म्हणून पहिली सूचना. तुझं पहिलं प्रकरण १९९७ च्या राज्यघटनेपासून सुरू होतं. शंभर वर्षं मागे जा. आणि वाचनालयात जायच्या आधी था छलोमला जा.

बँकॉकमध्ये नदीपलीकडे थोनबुरीत वोंगवियान याय नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथून महाचाईची गाडी सुटते, तासाभरात पोचवते. गाडी अगदी बाजाराच्या पोटात शिरूनच थांबते. उतरलीस की मासळीच्या वासाच्या मागोमाग धक्क्यावर जा, होडीत बस आणि था चीन नदी ओलांड. पलीकडे था छलोम, समुद्रालगतचं कोळ्यांचं जुनं गाव. राजा चुलालोंगकोर्न मंत्र्यांच्या बैठकीत दुसऱ्याच एका बाजाराच्या घाणीबद्दल बोलताना म्हणाले होते, म्हणे, की हा तर था चीनच्या, म्हणजे इथल्याच, बाजाराइतका गलिच्छ. गृहमंत्री राजपुत्र दाम्रोंग यांनी ते मनाला लावून घेतलं आणि तिथल्या अधिकाऱ्याला कळवलं. त्याने गावकरी आणि व्यापारी बोलावले, वर्गणी काढली, विटांचा रस्ता बांधला. राजा स्वतः रस्ता उघडायला आला. बँकॉकमध्ये १८९७ पासून असलेली ‘सुखाभिबान’ ही व्यवस्था, म्हणजे स्वच्छता, दिवाबत्ती, रस्ते बघणारी समिती, राजधानीबाहेर पहिल्यांदा इथे आली.

इथवरची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पुढचं वाक्य बहुतेक जण गाळतात. त्या समितीला खर्चासाठी गावातल्या दुकानांवरचा कर देऊन टाकला होता. कर तिथलाच, खर्चही तिथलाच. त्या देशाच्या स्थानिक कारभाराचा पहिला धडा हा होता आणि पुढे नेमका हाच विसरला गेला. तुझ्या प्रबंधाचं बीज मला इथे दिसतं.

जाता जाता माझी एक फजिती सांगते, तुझी टळेल. मी एका लेखात त्या रस्त्याच्या उद्घाटनाची तारीख १८ मार्च १९०५ अशी लिहिली होती. सगळीकडे तशीच छापलेली असते. एका वाचनालयातल्या बाईंनी हळूच विचारलं, “त्या वेळी आमचं वर्ष कधी सुरू व्हायचं?” १ एप्रिलला. म्हणजे त्या वर्षातला मार्च हा वर्षाचा शेवटचा महिना, आणि आपल्या हिशेबाने तारीख पडते १८ मार्च १९०६. जानेवारीपासून वर्ष धरायला त्यांनी १९४१ मध्ये सुरुवात केली. थाई कायद्यांना बौद्ध सनावरून ओळखतात, त्यातून ५४३ वजा करायचे हे तुला ठाऊक आहेच. पण १९४१ च्या आधीचा जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्च दिसला की थांब आणि बोटांवर मोज. १८ मार्च हा तिथे स्थानिक स्वराज्याचा दिवस म्हणून पाळतात, तेव्हा ही चूक करणारी मी एकटी नव्हते, हे समाधान.

आता दाम्रोंग यांच्याकडे येऊ. १८९२ मध्ये नव्या पद्धतीची मंत्रालयं झाली आणि गृहखातं १९१५ पर्यंत त्यांच्याकडे राहिलं. त्याआधी प्रांतांतले सरदार पगारी नव्हते. ज्या प्रांतावर नेमणूक, तो प्रांतच त्यांचं उत्पन्न. थाईमध्ये याला ‘किन मुआंग’ म्हणतात, शब्दशः ‘मुलूख खाणं’. आपल्याकडच्या वतनदारीवर तू वाचलं आहेस, वेगळं सांगायला नको. दाम्रोंग यांनी प्रांतांचे गट करून त्यांना ‘मोंथोन’ म्हटलं, म्हणजे आपलं मंडल. वर बँकॉकहून पगारी अधिकारी पाठवले आणि सरदारांचं खाणं बंद केलं. ही मोठी सुधारणाच होती. इंग्रज बर्मा गिळून बसलेले, फ्रेंच पूर्वेकडून सरकत होते. विस्कळित राज्य टिकलं नसतं. मात्र या सुधारणेचा रोख एकाच दिशेने होता: अधिकार राजधानीकडे. पुढे विकेंद्रीकरणासाठी जे जे कायदे झाले, ते या केंद्रीकरणाच्या पायावरच बांधले गेले. पाया कुणी उकरला नाही.

त्या पायाचा दगड म्हणजे १९१४ चा स्थानिक कारभार कायदा, बौद्ध सन २४५७ चा. दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्या, पण कायदा जिवंत आहे. गावाचा प्रमुख ‘फू-याय-बान’ आणि गावांच्या गटाचा, म्हणजे ‘तांबोन’चा, प्रमुख ‘कम्नान’ हे त्याच कायद्याचे. त्यांची निवड गावपातळीवर होते, पण हिशेब द्यायचा तालुक्याच्या ‘नाय-अम्फे’ला आणि नाय-अम्फे नेमणार गृहमंत्रालय. आपल्या वाचकाला समजवायचं तर पोलीस पाटील, कोतवाल आणि थोडा तलाठी एका खाकी गणवेशात घातले तर कम्नान होईल. देशात तांबोन ७ हजारांवर आणि गावं सुमारे ७५ हजार. एवढं पसरलेलं जाळं कुठलं मंत्रालय आपणहून सोडेल?

आता ही साखळी नीट बघ. १९९४ च्या कायद्याने तांबोन प्रशासन संस्था आली. तिला तिथे तीन अक्षरांत ‘ओ-बो-तो’ म्हणतात, तूही तसंच म्हण. सुरुवातीला कम्नान आणि गावप्रमुख तिच्यात पदसिद्ध बसले होते. १९९७ च्या घटनेने सांगितलं की स्थानिक संस्थेत निवडून आलेलेच बसतील. झालं, कम्नान बाहेर. लोकांना वाटलं, हे पद हळूहळू विरून जाईल. त्याआधी १९९२ मध्ये गावप्रमुखाला ५ वर्षांची मुदतही घातली होती. पण २००६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि त्यानंतरच्या नेमलेल्या विधिमंडळाने १९१४ च्या कायद्यात दुरुस्ती केली. २००८ पासून एकदा निवडून आलेला गावप्रमुख वयाच्या साठीपर्यंत बसू शकतो. ओ-बो-तोचा नायक दर ४ वर्षांनी मतं मागत फिरणार आणि शेजारच्याच घरातला कम्नान साठीपर्यंत निश्चिंत. गावातला वजनदार माणूस कुठलं पद धरेल, तूच सांग. तुझ्या आराखड्यात १९९४ आहे, १९९७ आहे, २००८ नाही.

‘नायक’ म्हटलं मी. हा शब्द तिथलाच आहे. ‘नायोक’ म्हणजे नायक. नगराध्यक्ष तो ‘नायोक-थेत्सामोन्त्री’, नायक देशमंत्री. नगरपालिका ‘थेत्साबान’, देशपाल. लोकशाही ‘प्रचाथिपताय’, प्रजाधिपत्य. राजपत्राचं नाव ‘राच्चाकिच्चानुबेक्सा’, त्यात आपलं राजकृत्य दडलंय. ते पहिल्यांदा १८५८ मध्ये निघालं आणि तुझं निम्मं आयुष्य आता त्यातच जाणार आहे. पहिले सहा महिने तुला फार आनंद होईल, सगळं ओळखीचं वाटेल. हा आनंद लवकर संपव. कोर्टातल्या खटल्याला ते ‘खदी’ म्हणतात, तो मूळचा ‘गती’. खटल्याला गती म्हणावं हा विनोद आपल्याला कळतो, त्यांना नाही. शब्द आपल्याकडून गेले, पण बहुतेक पालीच्या आणि मोन-ख्मेरच्या वाटेने, आणि अर्थ तिथे जाऊन बदलले. ‘देशपाल’ म्हणून देशाचं रक्षण कुणी करत नाही, कचरा उचलतात.

धर्मशास्त्राचा धागा मात्र खरा आहे, तो सोडू नकोस. ‘थम्मासात’ म्हणजे धर्मशास्त्रच. जुन्या सयामी (सयाम हे थायलंडचं जुनं नाव) न्यायव्यवस्थेचा तो आधार होता. राजा पहिला राम याच्या कारकिर्दीत पोम नावाच्या एका बाईने नवऱ्याला सोडलं. तिचंच वागणं चुकलेलं असूनही न्यायालयाने कायद्याप्रमाणे तिला फारकत दिली. राजा म्हणाला, असा कायदा असेल तर कायद्याच्या प्रतीतच गडबड झाली असली पाहिजे. सगळ्या प्रती तपासून १८०५ मध्ये नव्याने संहिता लिहवली, ती ‘तीन मुद्रांचा कायदा’. शतकभराने १९०८ मध्ये फ्रेंच सल्लागारांच्या मदतीने युरोपीय धाटणीची दंडसंहिता आली. कारण सरळ होतं. १८५५ च्या तहापासून इंग्रजांच्या प्रजेवर सयामी न्यायालयात खटला चालत नव्हता आणि इतर देशांनीही तीच सवलत घेतली होती. ‘तुमचे कायदे सुधारा, मग अधिकार परत देतो’ असं उत्तर मिळे. म्हणजे कायदासुधारणेची पहिली मोठी लाट गावकऱ्यासाठी नव्हती, परदेशी वकिलातींसाठी होती. याबद्दल एक परिच्छेद लिही, जास्त नको. तुझा विषय तो नाही.

तुझा विषय पैसा आहे. आराखड्यात पैशाला दीड पान दिलंस. तिसरं प्रकरण पूर्ण पैशाचं कर.

१९३२ च्या क्रांतीने राजाची अमर्याद सत्ता संपली. त्यानंतर तिचे एक नेते प्रीदी फनोम्योंग आणि सोबत्यांनी बौद्ध सन २४७६ चा नगरपालिका कायदा आणला. त्यामागची कल्पना अशी की लोकांनी आपल्या गावापासून राज्य करायला शिकावं. ती तशी फळली नाही, मधे लष्करी राजवटी येत राहिल्या. खरी उसळी १९९७ नंतर. १९९९ च्या विकेंद्रीकरण कायद्यात सरळ आकडा लिहिला: सरकारच्या महसुलातला किमान २० टक्के वाटा २००१ पर्यंत स्थानिक संस्थांना आणि २००६ पर्यंत किमान ३५ टक्के. कायद्यात असा आकडा लिहायला धाडस लागतं. २००६ आलं, ३५ काही गाठता आलं नाही. मग काय केलं? कायदा दुरुस्त केला. किमान २५ टक्के, आणि ३५ हे ‘उद्दिष्ट’. त्याला दीड तप उलटून गेलं, वाटा अजून ३० च्या खालीच आहे.

पण हा आकडाही उकलून बघ. त्या वाट्यात शाळेतलं दूध आहे, दुपारचं जेवण आहे, म्हाताऱ्यांचा मासिक भत्ता आहे. भत्ता साठीनंतर ६०० बाट, सत्तरीत ७००, ऐंशीत ८०० आणि नव्वदीनंतर १०००. हे पैसे ओ-बो-तोच्या नावावर दाखवले जातात, म्हणून कागदावर ते ‘स्थानिक’ उत्पन्न. कुणाला द्यायचे, किती द्यायचे, एक बाट इकडचा तिकडे करायचा का, यातलं काहीच स्थानिक संस्थेच्या हातात नसतं. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन येतो म्हणून त्याला श्रीमंत म्हणायचं का? स्वतः लावलेला आणि स्वतः गोळा केलेला कर एकूण उत्पन्नाचा अगदी छोटा तुकडा असतो. था छलोमच्या दुकानकराशी हे ताडून बघ.

स्वतःच्या कराचं नवं उदाहरण म्हणजे २०१९ चा जमीन आणि इमारत कर. १९३२ चा घरजमीन कर आणि १९६५ चा स्थानिक विकास कर काढून तो आणला. बघ, इथे जुनं कपाट खरंच बाहेर काढलं! वसुली २०२० पासून. आली ती करोनाच्या तोंडावर, म्हणून पहिली २ वर्षं करात ९० टक्के सूट. कायद्याचा हेतू असा की शहरातल्या मोकळ्या जमिनी नुसत्या पडून राहू नयेत. म्हणून पडीक जमिनीला ०.३ टक्क्यापासून सुरुवात, दर ३ वर्षांनी ०.३ ची भर, कमाल ३ टक्के. शेतीला मात्र कमाल ०.१५. पुढचं तू ओळखलं असशील. बँकॉकच्या ऐन मध्यात, जिथे चौरस मीटरचे भाव ऐकून घाम फुटतो, तिथे केळीच्या आणि लिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. मग सरकारने शेती कशाला म्हणायचं ते ठरवलं. केळी असेल तर एका राईला, म्हणजे १,६०० चौरस मीटरला, किमान २०० झाडं. आता पालिकेचा माणूस उंच इमारतींच्या सावलीत उभा राहून केळी मोजतो. कायद्याच्या वर्गात हे उदाहरण दिलंस तर मागच्या बाकावरचेही जागे होतील.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. कुत्र्यांची लस.

स्थानिक संस्था भटक्या आणि पाळीव कुत्र्यांना रेबीजची लस टोचत होत्या. पैसे त्यांचे, डॉक्टर बोलावलेला, गावात दवंडी. २०१४ च्या सुमारास लेखापरीक्षकांनी आक्षेप घ्यायला सुरुवात केली: रेबीजच्या कायद्याप्रमाणे हे काम पशुसंवर्धन विभागाचं, तुम्ही कोणत्या कलमाखाली खर्च केलात? खर्च अमान्य झाला तर पैसे अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल होऊ शकतात. एका ठिकाणी आक्षेप आला, बातमी सगळीकडे गेली आणि बऱ्याच ठिकाणी लसीकरण मंदावलं किंवा थांबलं. कुणी बंदीचा हुकूम काढला नव्हता. लेखापरीक्षकांचं पुढे म्हणणं असं की लस बंद करा असं आम्ही म्हटलंच नाही. २०१८ मध्ये रेबीज पसरला, माणसं गेली, तेव्हा हा सगळा पत्रव्यवहार उजेडात आला.

यात खलनायक शोधू नकोस. लेखापरीक्षक आपलं काम करत होता, पशुसंवर्धन विभाग आपलं, ओ-बो-तोचा कारकून आपली नोकरी वाचवत होता. गाठ आहे ती एका तत्त्वात. नागरिकाला कायद्याने मना केलं नसेल ते सगळं करता येतं. सरकारी संस्थेला कायद्याने सांगितलं असेल तेवढंच. तत्त्व चांगलंच आहे, मनमानीला आळा घालतं. पण ज्या देशात प्रत्येक कामाचा कायदा आधीच कुठल्या तरी केंद्रीय विभागाच्या नावावर आहे, तिथे विकेंद्रीकरणाच्या कायद्यात ‘आरोग्य’ असा एक शब्द घालून काय होणार? रेबीजचा कायदा उघडून त्यात ‘किंवा स्थानिक संस्था’ एवढे शब्द कुणी घातले नव्हते. तुझ्या पूर्ण प्रबंधाला मी हे एक प्रकरण दिलं असतं.

इतर उदाहरणं भराभर सांगते. आरोग्य केंद्रांचं हस्तांतर १९९९ च्या कायद्यापासून ठरलेलं. मोठ्या संख्येने झालं ते २०२२ च्या ऑक्टोबरात: ३,२६३ केंद्रं ४९ प्रांतिक प्रशासन संस्थांकडे. तिथे एकदा दोन दिवस नर्सबाईंबरोबर बस. पगार कोण देतं, औषधं कोण पुरवतं, बढती कोण देतं, या तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरं मिळतील. खोन केन शहर आणि त्याच्या आसपासच्या मिळून ५ नगरपालिकांनी केंद्राची वाट न बघता २०१७ मध्ये हलक्या रेल्वेसाठी एकत्र कंपनी काढली. कल्पना फार देखणी आहे, तीवर तिथले लोक तासन्‌तास बोलतात. रेल्वे मी काही पाहिली नाही.

बँकॉकचा मोह टाळ. राज्यपाल लोकांनी निवडलेला असा तो एकच प्रांत, म्हणून सगळे तिथेच अडकतात. २०१६ मध्ये लष्करी सरकारने एका हुकुमाने निवडलेला राज्यपाल दूर करून दुसरा नेमला. २०२२ मध्ये चाच्चात सित्तिफन १३.८ लाखांहून जास्त मतं मिळवून निवडून आले. ट्रॅफी फोंदू या ॲपवर लोक फुटलेल्या फरसबंदीचे फोटो टाकतात आणि काम होतं. छान आहे. पण त्याच रस्त्यावरचा सिग्नल पोलिसांच्या हातात, विजेचा खांब वीजमंडळाचा आणि पोलीस राज्यपालाचे नव्हेत. उरलेल्या ७६ प्रांतांत राज्यपाल गृहमंत्रालयाचा नेमलेला आणि त्याच इमारतीच्या आसपास कुठेतरी प्रांतिक प्रशासन संस्थेचा निवडलेला अध्यक्ष. आपले जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद अध्यक्ष आठव, फक्त तिथे पहिल्याचा वरचष्मा कायद्यातच लिहिलेला आहे. ओ-बो-तोचा अर्थसंकल्पसुद्धा नाय-अम्फेच्या संमतीनंतरच चालतो. संमती नाकारल्याची उदाहरणं थोडी सापडतील. नाकारली जाईल म्हणून जे लिहिलंच नाही, ते कुठे सापडत नाही.

तू निराश होऊन बसू नयेस म्हणून एक चांगली सुधारणाही सांगते. प्रशासकीय न्यायालयं. कायदा १९९९ चा, दारं उघडली मार्च २००१ मध्ये. सरकारी कार्यालयाने चूक केली किंवा काहीच केलं नाही, तर सामान्य माणसाने तिथे जायचं. कांचनाबुरीच्या डोंगरात क्लिती नावाचा ओढा आहे. शिशाच्या खाणीशी जोडलेल्या कारखान्याच्या गाळाने तो नासला आणि काठच्या करेन जमातीच्या लोकांच्या रक्तात शिसं उतरलं. २२ गावकऱ्यांनी २००४ मध्ये दावा केला तो प्रदूषण नियंत्रण विभागावर: तुम्हाला माहीत होतं, तुम्ही साफ का केला नाही? जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने प्रत्येकाला सुमारे १ लाख ७७ हजार बाट द्यायला सांगितलं आणि ओढा साफ करायलाही. प्रत्यक्ष साफसफाई सुरू व्हायला आणखी वर्षं गेली. पण डोंगरातल्या माणसाने सरकारी विभागाला ‘तू काय केलंस’ विचारावं आणि विभागाला उत्तर द्यावं लागावं, हे त्या देशात नवं होतं. बाकीच्या सुधारणांनी अधिकार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेले. या एकीने टेबलासमोर गावकऱ्यासाठी खुर्ची ठेवली, म्हणून मला ती वेगळी वाटते.

२०१७ च्या घटनेतलं कलम ७७, अनावश्यक कायदे काढून टाकायचं, आणि त्यावर बेतलेला २०१९ चा कायदा यांवर तू चार पानं लिहिली आहेस. दीड पान पुरे. हेतू उत्तम आहे, पण जुना कायदा अनावश्यक आहे का हे पहिल्यांदा ठरवायचं त्याच विभागाने, ज्याचं त्यावर चालतं.

आणि ७ डिसेंबर २०२२ वगळू नकोस. घटनेतलं स्थानिक स्वराज्याचं प्रकरण बदलायचा मसुदा हजारो नागरिकांच्या सह्यांनी संसदेत आला होता. त्यात नेमलेल्या प्रांतिक प्रशासनाची साखळी ठेवायची का, यावर सार्वमत घेण्याची तरतूद होती. पहिल्याच वाचनात पडला. घटनादुरुस्तीला एक तृतीयांश सिनेटर्सची संमती लागते आणि तेव्हाची सिनेट लष्करी राजवटीत नेमलेली. मसुद्यात दोषही होते, पण १९१४ च्या कपाटाला थेट हात घालणारा तो होता. तो का पडला यापेक्षा, गृहखात्यातल्या लोकांनी, कम्नानांच्या संघटनांनी, विरोधात काय मुद्दे मांडले ते मिळव. ‘देशाची एकता’ हे शब्द वारंवार भेटतील. चुलालोंगकोर्नच्या काळापासूनची ती भीती आहे, तिला हसू नकोस.

आता व्यवहाराचं. राजघराण्याबद्दल मत देऊ नकोस, लेखी नको, गप्पांतही नको; दंडसंहितेच्या कलम ११२ ला ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे आणि तू पाहुणी आहेस. कार्यालयात जाताना विद्यापीठाचं गरुडाच्या चिन्हाचं पत्र घेऊन जा, त्याशिवाय चहा मिळेल, कागद मिळणार नाही. बाह्या झाकणारा सदरा, साधे बूट, आणि हात जोडताना घाई नको. नायकाला भेट, फोटो काढ, आभार मान. मग पलातकडे जा. पलात म्हणजे संस्थेचा कायम नोकरीतला मुख्य अधिकारी, आपल्या ग्रामसेवकाचा थोरला भाऊ. नायक येतात जातात, पलातला सगळे खाचखळगे माहीत असतात. त्याला सुधारणांबद्दल विचारू नकोस. विचार, “गेल्या वर्षी कुठलं काम करायचं होतं आणि राहिलं?” आणि मग गप्प बस. तिथली माणसं समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ‘नाही’ म्हणत नाहीत. नकार त्या शांततेत येतो.

त्याच्याकडे मंत्रालयातून आलेल्या परिपत्रकांची फाइल मागून बघ. ‘दुआन थी सुत’ असा लाल शिक्का असतो, ‘अत्यंत तातडीचं’. कायदा राजपत्रात छापतात, पण गावात पोचतो तो या लाल शिक्क्याच्या कागदातून. मी शेकडो भाषांतरित केले असतील. तो शिक्का नसलेला एकही कागद आठवत नाही.

पहिलं परिपत्रक हाताला लागलं की फोटो पाठव. क्रमांक आणि तारीख दिसेल असा काढ. आपण दोघी मिळून बघू, ते कुठल्या जुन्या कलमाचा हवाला देतंय.

तुझी,
मावशी

ता. क. : था छलोमहून येताना सुकी माकली आण. नीट बांधून आण, मागच्या वेळी मी आणली तेव्हा विमानात शेजारचे गृहस्थ जागा बदलून गेले होते.